वस्तऱ्याचा नाद परवडतो का?

वस्तरा एकदा घेतला की जन्मभर दाढीचा खर्च नाही, असे वस्तऱ्याची भलामण करणारे सगळेच जण म्हणतात, आणि त्यांपैकी बहुतेकांनी धार लावायच्या दगडाची पावती घरच्यांपासून लपवून ठेवलेली असते. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर ग्राइंडिंगचे चाक, मायक्रोमीटर आणि टूलची धार यांच्याशीच माझी गाठ असते. त्यामुळे बरीच वर्षे कार्ट्रिजने, म्हणजे दांड्याला बसवायच्या दोन-तीन पात्यांच्या तयार डोक्याने, दाढी करून झाल्यावर मी वस्तऱ्याकडे वळलो, तेव्हा ओळखीच्या लोकांनी कार्ट्रिज महाग झाल्याचे कारण गृहीत धरले. प्रत्यक्षात मला एवढी बारीक धार स्वतःच्या हाताने लावता येते का, ते पाहायचे होते. आता खात्यातली तरुण मुले अधूनमधून विचारतात, "दादा, घेऊ काय ओ वस्तरा?" चहाच्या गाड्यावर उभ्याउभ्या दिलेले उत्तर या प्रश्नाला पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बेळगावच्या खडेबाजारात किंवा शहापुरात कुठल्याही सलूनमध्ये आज जो वस्तरा चालतो, तो खरे पाहता ब्लेड धरण्याचा दस्ता आहे. कारागीर दोन धारांचे साधे ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, त्यातला अर्धा तुकडा खाचेत सरकवतो आणि दाढी झाली की काढून टाकतो. १९९० च्या दशकात एड्सविषयीची जागृती गावोगावी पोहोचली तेव्हापासून "नवीन ब्लेड टाका" हे शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडी बसले, आणि ते योग्यच झाले, कारण एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर फिरणारी धार एचआयव्हीच नव्हे, तर रक्तातून त्याहून सहज पसरणारा हिपॅटायटिस बीसुद्धा सोबत नेऊ शकते. मी ज्याविषयी लिहितो आहे तो वस्तरा वेगळा: एकसंध पोलादाचे पाते, मुठीच्या दोन फाकांमध्ये मिटणारे, दगडावर आणि चामड्यावर धार धरणारे, आणि एकाच माणसाच्या चेहऱ्यापुरते राखलेले.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांच्या काळापर्यंत हाच वस्तरा नाभिकाच्या धोकटीत कात्री, नराणी, पितळी वाटी आणि आरशाच्या शेजारी असे. सुगीला धान्य घ्यायचे आणि वर्षभर साऱ्या घराची हजामत करायची, असा बलुत्याचा व्यवहार होता. त्या व्यवहारात वस्तऱ्याची धार राखणे हे गिऱ्हाइकाचे काम नव्हतेच, ते कारागिराचे होते. आज हौसेने वस्तरा घेणारा माणूस गिऱ्हाईक आणि कारागीर अशी दोन्ही कामे एकट्याच्या अंगावर घेतो, आणि हिशेब नेमका तिथे बदलतो. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या मामांना मी माझा वस्तरा दाखवला, तेव्हा त्यांनी तो उघडला, अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहिला, मिटून परत दिला आणि म्हणाले, "धार चांगली हाय की ओ. पण रोज पट्ट्यावर घासत बसायला आमास्नी टाइम कुठला? अर्धं ब्लेड टाकलं, दाढी केली, काढलं, संपलं." दिवसभर एकामागून एक चेहरे हाताळणाऱ्या माणसाचा हा हिशेब बिनचूक आहे.

आता पैशाचे बोलू. तीन पात्यांचे एक कार्ट्रिज आज शंभर रुपयांच्या वरच पडते, पाच पात्यांचे त्याहून बरेच अधिक. ते दहा-बारा दाढ्या चालवले, तर एका दाढीला दहा-बारा रुपये होतात. वस्तऱ्याचे समर्थक याच्यासमोर शून्य मांडतात आणि मोकळे होतात. पण जर्मनीतल्या झोलिंगेनचा चांगला नवा वस्तरा आपल्या हातात पडेपर्यंत दहा हजारांच्या पुढे गेलेला असतो. त्याला चामड्याचा पट्टा लागतो. धार उतरली की दगड लागतो, आणि घरी विळी-कोयत्याला लावतो तो कार्बोरंडमचा खरबरीत दगड इथे उपयोगाचा नाही. १००० ग्रिटपासून सुरुवात करून ८००० किंवा १२००० पर्यंत चढत जाणारे दगड लागतात (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक), आणि त्यांतला शेवटचा एकटाच काही हजारांना पडतो. सगळे मिळून पंधरा-वीस हजार रुपये घातले, तर रोज दाढी करणाऱ्या माणसालाही ते वसूल व्हायला चार-पाच वर्षे लागतात, आणि तीसुद्धा तुलना महागड्या कार्ट्रिजशी केली तर.

मुळात तुलना कार्ट्रिजशीच का करायची, हा माझा खरा प्रश्न आहे. वडिलांच्या पिढीने वापरलेला, दोन धारांचे ब्लेड घालायचा सेफ्टी रेझर आजही कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. त्याचे ब्लेड दोन ते पाच रुपयांना येते आणि चार-पाच दाढ्या सहज काढते, म्हणजे दाढीला रुपयाच्या आसपास. या आकड्यासमोर वस्तऱ्यात घातलेले पंधरा-वीस हजार वसूल व्हायला चाळीस-पन्नास वर्षे लागतील, आणि तोवर पट्टा दोन-तीनदा बदलावा लागेल. पैसे वाचवण्यासाठी वस्तरा घेऊ पाहणाऱ्याने इथेच वाचन थांबवले तरी चालेल.

धार घरातून कारखान्यात कशी गेली, याची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे, कारण कार्ट्रिजचे सगळे गुणदोष तिच्यातूनच आलेले आहेत. पात्यापुढे आडोसा लावून त्वचेचे रक्षण करण्याची कल्पना किंग कॅम्प जिलेटच्या आधीपासून होती. जिलेटचे खरे डोके चालले ते ब्लेडमध्ये: पातळ पत्र्यातून कापलेले, धार गेली की फेकून द्यायचे. १९०१ मध्ये बोस्टनला त्याने कंपनी काढली, १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी सारे मिळून ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली, १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी रेझरची विक्री नव्वद हजारांवर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना त्याचे संच वाटले गेले, आणि दाढी स्वतःच्या हाताने, घरच्या आरशासमोर करण्याची सवय युद्धावरून परतलेल्या लोकांबरोबर घरोघर पोहोचली. धार लावण्याचे कौशल्य माणसाच्या हातातून निघून यंत्राकडे गेले. टूलरूमच्या माणसाने याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. यंत्राने लावलेली धार एकसारखी असते आणि ती चांगलीच असते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने लेप दिलेली स्टेनलेस ब्लेडे आणली, तेव्हापासून तर साध्या दोन-पाच रुपयांच्या ब्लेडची धार घरी दगडावर लावलेल्या धारेला सहज टक्कर देते. आजच्या ब्लेडवर टेफ्लॉनचा इतका पातळ थर असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, पण केसातून जाताना पात्याची ओढ त्याच्यामुळेच कमी होते. वस्तऱ्याला असा लेप देता येत नाही, कारण पहिल्याच पट्ट्यावर तो निघून जाईल.

मग पाती वाढू लागली. १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचा ट्रॅक टू आणला, १९९८ मध्ये तीन पात्यांचा माक थ्री, २००६ मध्ये पाच पात्यांचा फ्यूजन. साधे ब्लेड कोणीही बनवू शकतो आणि ते कोणाच्याही रेझरमध्ये बसते. कार्ट्रिज मात्र ज्याचा दांडा त्याचेच. पाती वाढण्यामागे चेहऱ्यापेक्षा या व्यवहाराचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे, पण केवळ तेवढेच कारण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन पात्यांमागचा विचार असा की पहिले पाते केस कापता कापता त्याला थोडा ओढून वर आणते, आणि तो मागे सरण्याआधी दुसरे पाते त्याला आणखी खाली कापते. मागाहून केस आपल्या जागी परत जातो तेव्हा त्याचे टोक त्वचेच्या पातळीखाली गेलेले असते. म्हणूनच कार्ट्रिजची दाढी हाताला तुळतुळीत लागते. सरळ केसांच्या माणसाला यात काहीच अडचण नाही. ज्यांचे केस राठ आणि वळणदार आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र हे खाली गेलेले, तिरके कापलेले टोक वाढताना बाहेर येण्याऐवजी बाजूच्या त्वचेत घुसते, आणि गळ्यावर, जबड्याखाली लालसर, दुखऱ्या पुळ्या येतात. त्वचारोगतज्ज्ञ याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात आणि अशा रुग्णाला पुष्कळदा एकाच पात्याने, फार दाबून न करता दाढी करण्याचा सल्ला देतात.

पात्यांच्या दाटीचा दुसरा तोटा आपल्याकडच्या खेड्यांत चटकन दिसतो. वाहत्या नळाखाली धुतले तर तीन पात्यांमधला फेस आणि केस निघून जातात. पण मगातल्या पाण्यात बुचकळून दाढी करणाऱ्याच्या कार्ट्रिजमध्ये आठवड्याच्या दाढीचे खुंट अडकले की ते आपटूनही निघत नाहीत. उन्हाळ्यात पाण्याची पाळी असते, तेव्हा नळ सोडून दाढी कोण करणार? जिलेटने २०१० मध्ये भारतासाठी गार्ड हा रेझर काढला, तो याच अनुभवावरून शहाणे होऊन: एकच पाते, सहज धुता येईल अशी मोकळी रचना, दांड्यासह किंमत तेव्हा १५ रुपये आणि नंतरचे कार्ट्रिज ५ रुपये. पाच पात्यांच्या कंपनीनेच एका पात्याकडे परत यावे, याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

वस्तरा आणि कार्ट्रिज यांच्या तुलनेत तीन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत भरले जातात. पाती एक की अनेक, हा पहिला. पात्यापुढे आडोसा आहे की नाही, हा दुसरा. आणि धार राखायची कोणी, हा तिसरा. वस्तऱ्याकडे वळलेला माणूस "माझ्या पुळ्या गेल्या" असे सांगतो तेव्हा त्याला गुण आलेला असतो तो एकाच पात्याचा, आणि तो गुण पंचवीस रुपयांच्या ब्लेडच्या पाकिटातही मिळतो. शिवाय वस्तऱ्याच्या निमित्ताने तो पहिल्यांदाच कोमट पाण्याने चेहरा नीट भिजवू लागतो, ब्रशने फेस करू लागतो, दाढी घाईने उरकत नाही; अर्धा गुण तर त्याचाच. भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा पुष्कळच कमी जोर लागतो, आणि तो पुरता भिजायला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. आंघोळीनंतर दाढी करून पाहावी, कार्ट्रिजचीसुद्धा दाढी निराळी होते. बोअरचे पाणी जड असेल तर साबण फेस धरत नाही, तेवढ्यापुरते पिण्याचे पाणी घ्यावे. दाढीनंतर तुरटीचा खडा फिरवण्याची जुनी पद्धतही कुठल्याही सुगंधी लोशनपेक्षा मला अधिक पटते. जिथे धार लागली असेल तिथे ती चुरचुरून आपोआप सांगते.

केवळ वस्तऱ्याचेच म्हणता येईल असे उरते ते आडोसा नसणे आणि धार आपली आपण राखणे. या दोन्हींविषयी मला मनापासून आदर आहे.

वस्तऱ्याची घडण पाहिली की ज्याने ती पहिल्यांदा बसवली त्या अनाम कारागिराला नमस्कार करावासा वाटतो. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. पाठ साधारण साडेचार ते पाच मिलिमीटर जाड असते. दगडावर पाते ठेवायचे ते पाठ आणि धार दोन्ही टेकवून, सपाट. म्हणजे धारेचा कोन हाताने धरावाच लागत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून तो ठरवतात, आणि वरच्या मापांत तो १६ ते १८ अंशांच्या दरम्यान येतो. काम ठरलेल्या कोनात धरून ठेवणाऱ्या ज्या साधनाला आम्ही फिक्स्चर म्हणतो, ते इथे हत्याराच्या अंगातच घडवलेले आहे. वर्षानुवर्षे घासून धार झिजते तशी पाठही थोडी थोडी झिजते, त्यामुळे कोन फारसा बदलत नाही. दोन्ही बाजू अंतर्गोल घासून पाते इतके पातळ केलेले असते की नखाने धार दाबली तर ती वाकलेली दिसते. अशा पात्याने राठ दाढी कापताना एक बारीक, कागद फाटल्यासारखा आवाज येतो, आणि तो हनुवटीवर बदलतो. कार्ट्रिजला आवाज नसतो.

पोलादाबद्दल थोडे. चांगल्या वस्तऱ्याचे पोलाद एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडे अधिक कार्बन असलेले आणि रॉकवेल सी मापावर साठीच्या घरात कठीण केलेले असते. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. मग तो धार कशी घालवतो, हा प्रश्न मला फार दिवस होता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रेझरच्या पात्याने केस कापून पाहिल्यावर त्यांना दिसले की धार नुसती झिजून बोथट होत नाही. केस पात्याला विशिष्ट कोनात भिडला आणि त्याच जागी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, तर तिथून अतिसूक्ष्म टवके उडतात. आमच्या खात्यात कार्बाइड टूलचे टवके रोज पाहणाऱ्या मला हे वाचून बरे वाटले. ब्लेडच्या बाबतीत या टवक्यांवर उपाय म्हणजे कचऱ्याचा डबा. वस्तऱ्याच्या बाबतीत आधी पट्टा, आणि पट्ट्याने भागेनासे झाले की दगड.

पट्ट्याच्या बाबतीत आपण बेळगावकर मोठे नशीबवान आहोत, आणि फारच थोड्या जणांना ते ठाऊक आहे. परदेशातून मागवलेला चामड्याचा पट्टा काही हजारांना पडतो; मी मात्र अथणीतल्या एका चप्पल करणाऱ्या कारागिराकडून पट्टा कापून घेतला. कोल्हापुरी म्हणून जी चप्पल जगभर जाते, तिच्यातली बरीचशी अथणी-निपाणीच्या बाजूलाच शिवली जाते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमेच्या दोन्ही अंगांचे आठ जिल्हे एका सरकारी कागदावर इतक्या गुण्यागोविंदाने नांदलेले मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत. या चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. असे झाडपाल्यात कमावलेले चामडे पट्ट्याला उत्तम, कारण त्याच्या अंगात पात्याला किंचित धरून ठेवणारी ओढ असते; क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले मऊ, फुगीर चामडे मला त्या कामाला पटत नाही. कारागिराने मला विचारले, "एवढा लांब पट्टा कशाला ओ, कमरेला?" वस्तऱ्यासाठी म्हटल्यावर त्याने कातड्याचा पाठीकडचा, एकसारख्या जाडीचा भाग निवडला, सहा-सात सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब कापला आणि लाकडी ठोकळ्याने घासून गुळगुळीत करून दिला. पैसे त्याने चपलेच्या जोडापेक्षा कमी घेतले.

पट्टा ओढून धरायचा, पाते सपाट टेकवायचे, पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने न्यायचे, आणि टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटून परत आणायचे. धारेवर उलटले तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. दर दाढीआधी असे चाळीस-पन्नास फेरे पुरतात. चांगल्या बसलेल्या धारेची खूण अशी: डोक्याचा एक गळलेला केस मुळाकडून चिमटीत धरून धारेवर नुसता सोडायचा, न ओढता तो तुटून पडला तर धार चेहऱ्याला लावण्याजोगी आहे. केस वाकून बाजूला सरकला, तर आज सेफ्टी रेझरने दाढी करावी.

मात्र आपला पावसाळा वस्तऱ्याचा वैरी आहे. मृगापासून गणपतीपर्यंत बेळगावात भिंती घाम धरतात, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला तर कपडे आठवडाभर वाळत नाहीत, आणि कार्बनचे पोलाद असल्या हवेत एका रात्रीत तपकिरी ठिपका दाखवते. ठिपका पाठीवर पडला तर शोभा जाते, धारेवर पडला तर गंजाने पडलेला खड्डा निघेपर्यंत दगडावर घासत बसावे लागते. वस्तरा कधीही बाथरूममध्ये ठेवू नये. कोरड्या फडक्याने पुसावा, मुठीच्या फाकांमध्ये पाणी राहिलेले नाही ना ते पाहावे, आणि पात्याला शिवणयंत्राचे तेल बोटाने हलकेच लावून कपाटात ठेवावा. खोबरेल घरात हाताशी असते म्हणून अनेक जण तेच लावतात, पण ते कालांतराने खवट वास धरते. चामड्याच्या पट्ट्यालाही पावसात पांढरी बुरशी येते, त्याला स्वयंपाकघराच्या कोरड्या भिंतीवर जागा मिळवावी लागते, आणि त्यासाठी घरात बोलणी करावी लागतात. दोन-पाच रुपयांच्या ब्लेडबाबत हे सोपस्कार नाहीत.

प्रत्यक्ष दाढीचे थोडक्यात सांगतो. फेस दह्यासारखा घट्ट हवा, पाते त्वचेशी साधारण तीस अंशांत धरायचे, आणि मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरायची. निम्मी दाढी हा दुसरा हातच करतो. पात्याची पहिली फेरी केसांच्या दिशेने, हवी असेल तर दुसरी केसांना आडवी. उलट्या दिशेने जाण्याची घाई नवशिक्याने करू नये. पाते आडवे, म्हणजे धारेच्या रेषेत, कधीही सरकवायचे नाही, कारण खाली वर नेताना जे पाते केस कापते तेच आडवे सरकले की कातडी कापते. गालावर सगळे सोपे असते. ओठाच्या वर, हनुवटीच्या वळणावर आणि डाव्या हाताने उजव्या बाजूला जाताना खरी परीक्षा होते. हात बसायला शंभरेक दाढ्या लागतात असे जुने जाणते म्हणतात, आणि मला ते अतिशयोक्तीचे वाटत नाही. हात बसल्यावर दाढीला वीस मिनिटे लागतात. सहा पन्नासची बस गाठायची असणाऱ्याच्या सकाळी ती कुठून येणार? माझ्या घरी वस्तऱ्याची दाढी सुटीच्या दिवशीच होते, आणि तेवढी पुरते.

काही जणांनी तर या वाटेला जाऊच नये. हात थरथरत असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मधुमेहामुळे जखम लवकर भरत नसेल, किंवा चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील, तर आडोसा हवाच. घरात लहान मूल असेल तर वस्तरा कुलपात हवा. वारंवार प्रवास करणाऱ्यालाही तो अडचणीचा, कारण सांबऱ्याहून विमान पकडताना तो केबिनच्या बॅगेत नेता येत नाही, तिथे कार्ट्रिजच सोयीचे. आणि नळाच्या तोटीला एकदा निसटता धक्का लागला तरी पात्याचा टवका उडतो आणि महागड्या दगडावरचे तासभराचे काम निघते.

तेव्हा खात्यातल्या मुलांना माझे उत्तर असे की कार्ट्रिजने गळ्यावर पुळ्या येत असतील किंवा खर्च टोचत असेल, तर दोन धारांचा सेफ्टी रेझर घ्या, तीन-चार कंपन्यांची ब्लेडे एकेक पाकीट आणून आपल्या दाढीला कोणते मानवते ते पाहा, आणि ब्रश मात्र चांगला घ्या. कार्ट्रिजने काहीच त्रास नसेल, तर दाबून करू नका एवढेच. वस्तरा त्याने घ्यावा ज्याला दाढी झाल्यावरही दगडापाशी बसून राहावेसे वाटते. अशा माणसाला मी दरवेळी आधी अर्ध्या ब्लेडचा सलूनचा दस्ता घ्यायला सांगतो. शे-दोनशे रुपयांत हात आणि कोन दोन्ही कळतात. एवढे सांगायला हवे की तो दस्ता हलका आणि ब्लेड ताठ असल्याने खऱ्या वस्तऱ्यापेक्षा तो अधिक निष्ठुर असतो, त्याच्यावर हात बसला तर पुढचे सोपे जाते.

त्यानंतरही हौस टिकली, तर नव्याच्या मागे न लागता जुना शोधावा. झोलिंगेन आणि शेफील्डचे जुने वस्तरे जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्यातल्या माळ्यावरच्या पेटीत अजून निघतात, आणि पात्याच्या बुंध्यावर गावाचे नाव कोरलेले असते. असा वस्तरा हातात आला की मुठीकडे आणि वरच्या गंजाकडे फारसे पाहू नये. मूठ बदलता येते, वरवरचा गंज पॉलिशने जातो. पाठ पाहावी: ती एका टोकाला चपटी आणि दुसऱ्या टोकाला गोल राहिली असेल, तर मागच्या मालकाने वाकड्या दगडावर घासलेला आहे आणि धार सरळ करण्यात पाते अर्धे जाईल. धारेजवळ खोल खड्डे असतील तर सोडून द्यावा. शेवटी पाते उजेडासमोर धरून टोकाकडून बुंध्यापर्यंत भिंगातून पाहावे, आणि धारेतून वर चढणारी केसाएवढी चीर दिसली, तर विकणारा फुकट देत असला तरी घेऊ नये, कारण ती कुठल्याही दगडाने जात नाही.